उघड्या घराचे कुलूप

निसर्ग हे परमेश्वराचे उघडे घर आहे. त्याला ना दार, ना कडी, ना कुलूप.

हे वाक्य आमच्या डोंगरावर काळ्या दगडात सोनेरी अक्षरांनी कोरलेले आहे. तो दगड एका लोखंडी फाटकाच्या खांबात बसवलेला आहे. त्या फाटकाला भक्कम कडी आहे, आणि त्या कडीत जे लटकत होते, ते मी.

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. तिथे कानस, शेगडी आणि खोकला अशा तीन गोष्टी दिवसभर चालू असत. मला घडवणाऱ्या कारागिराची एक पद्धत होती. कुलूप तयार झाले की तो त्याला आधी त्याची किल्ली दाखवत नसे. सात परक्या किल्ल्या एकामागून एक घालून बघे. सातही हरल्या की मग आठवी, खरी. बाळ जन्मले की त्याला आधी आई दाखवतात. मला आधी सात भामटे दाखवले. त्यातून जो स्वभाव बनायचा तो बनला. "विश्वास ठेवणारं कुलूप म्हणजे नुसती कडी," असे तो कारागीर म्हणायचा आणि कामाचे पैसे आधी घ्यायचा.

माझी पहिली नोकरी साबणाच्या गोदामावर झाली. तिथे दहा वर्षे काढली. ज्यांचे हात फार स्वच्छ असतात त्यांच्याबद्दल संशय धरावा, हे मी तिथेच शिकले. गोदाम बंद पडले आणि मला डोंगरावर आणले.

डोंगर कसा होता ते सांगते. मी फाटकावर अशा रीतीने लटकत असे की एक तोंड रस्त्याकडे आणि एक झऱ्याकडे. वारा आला की मी फिरे आणि उलटे होई. झरा म्हणजे खडकातली एक उभी फट, हाताची बोटे जातील एवढी. तिच्यातून पाणी यायचे आणि खालच्या दगडी कुंडात उतरायचे. सकाळी ऊन पानांतून गाळून येई, कुंडावर पडे आणि तिथून उलटे वर जाऊन खडकाच्या पोटावर थरथरत बसे. तेवढा वेळ येणारी माणसे आपोआप हळू बोलत. 'शांतता राखा' अशी पाटी तिथे होती, पण ती फाटकाबाहेर होती आणि तिथेच सगळ्यात जास्त गोंगाट चाले. आत पाटी नव्हती आणि आवाजही नव्हता. हा झरा पवित्र आहे, असे पणजोबांच्याही आधीपासून सगळे मानत आले होते. पहिल्या सकाळी ते ऊन पाहून मला आत काहीतरी हलल्यासारखे वाटले. तपासले, तर खटका ढिला झाला होता.

तरीही संशय गेला नाही. एवढे सुंदर आहे, तर ते कशासाठी? माझ्या अनुभवात वेष्टन जितके छान, तितका आतला साबण लहान.

माझी किल्ली मावशीकडे असे. मावशी म्हणजे झऱ्याची राखण करणारी बाई. तिच्याहून वयाने मोठी माणसेही तिला मावशीच म्हणत. फाटकाला लागून एक खोली होती. एक खिडकी, एक पलंग, आणि दारामागे झाडू. तीस वर्षांपूर्वी ती सून म्हणून त्या खोलीत आली. आधी सासू राखण करायची, मग नवरा, आणि दोघे गेल्यावर ही. तिला दुसरे घर नव्हते. रात्री मला लावल्यावर ती मला दोनदा ओढून बघे. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता आणि माझा तिच्यावर. त्यामुळे आमचे छान जमले.

दुसरी किल्ली अध्यक्षांकडे. झरा-संरक्षण आणि सुशोभीकरण समितीचे अध्यक्ष म्हणजे गावातले कापडाचे मोठे दुकानदार, आणि नात्याने मावशीच्या नवऱ्याचे चुलतभाऊ. घरात ती त्यांना 'भावजी' म्हणे आणि ते तिला 'वहिनी'. फाटकाशी आले की ती 'साहेब' म्हणे आणि ते 'मावशी'. उंबरा बदलला की नाते बदले, आणि कोणालाही त्यात काही वावगे वाटत नसे.

आता समितीने काय केले ते ऐका. झऱ्याच्या बरोबर वर, डोंगराच्या खांद्यावर, एक कुरण होते. मधोमध खोलगट, परातीसारखे. त्या कुरणाचा एक जुना दंडक होता: तिथे अनवाणी जायचे, काही पेटवायचे नाही, काही बांधायचे नाही, गवत कापायचे ते वरच्यावर, मुळासकट नाही. मावशीची सासू सांगायची, "खाली दिसतो तो नुसता झरा. डोंगराचं तोंड वर आहे. कुणाच्या तोंडावर बसू नये."

लोक याला हात जोडत. समितीनेही जोडले आणि मग कुरणावर चिंतन-चौथरा बांधायचा ठराव केला. निसर्गाचे चिंतन करायला येणाऱ्यांना गवत टोचते, अशी तक्रार होती. जागा तयारच होती. परात जणू चौथऱ्यासाठीच घडवल्यासारखी. खाली गिलावा, वर साडेचारशे फरश्या, कडेने बाक, आणि पावसाचे पाणी पायांना लागू नये म्हणून एक पन्हळ, थेट रस्त्यापर्यंत. त्याच वर्षी खाली फाटक बसले, मी बसले आणि तो काळा दगडही बसला.

फरश्या बसवल्या ओळंबाकाकांनी. हे आमच्याकडचे सगळ्यात जुने गवंडी. ओळंब्याच्या दोरीने भिंत तपासावी तसे एक डोळा मिटून जगाकडे बघायचे, म्हणून हे नाव. लग्नातसुद्धा नवरा-नवरीकडे तसेच बघायचे आणि म्हणायचे, "जरा डावीकडे झुकतंय, पण चालेल." चौथरा हे त्यांचे शेवटचे मोठे काम. सपाटी अशी की गोटी ठेवली तर ती कुठे जायचे याचा विचार करत बसेल. फक्त मधली एक फरशी वाकडी होती. ती उद्घाटनाला अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने, फोटोवाल्याकडे बघत बसवली होती.

दोन वर्षे सगळे खूश. माणसे वर जात, बाकावर बसत, डोळे मिटून निसर्ग बघत. खाली येऊन माझ्याकडे पाहत आणि म्हणत, "व्यवस्था चोख आहे." मित्रांनो, स्तुती झाली की मी आधी माझी कडी चाचपते.

मग पाणी उतरू लागले.

मावशीकडे कुंडात घालायची एक खाचांची काठी होती, सासूच्या वेळची. मी आले तेव्हा पाणी एकोणिसाव्या खाचेला होते. मग सोळा. मग अकरा. मावशी काठी पुसायची, परत घालायची, जणू काठीच खोटे बोलते आहे. खडकाच्या पोटावरचे ते थरथरते ऊन आता भलतीकडे पडू लागले आणि लहान होत गेले. फटीचा आवाज आधी गुणगुणण्यासारखा होता, तो आता कोणीतरी पुटपुटल्यासारखा झाला.

चोरी. माझ्या मनात दुसरा शब्दच आला नाही. मी सगळ्यांवर नजर ठेवली. बाटल्या घेऊन येणाऱ्यांवर ठेवली. रिकाम्या हाताने येणाऱ्यांवर जास्त ठेवली. एक बाई यायची, काहीच न करता अर्धा तास पाण्याकडे बघायची आणि जायची. तिच्यावर तर सगळ्यात जास्त. नुसते बघायला कोण येते?

आणि मग मला खरा चोर सापडला. ओळंबाकाका.

रोज सकाळी ते यायचे. फाटकातून आत न येता बाजूच्या पायवाटेने वर कुरणाकडे जायचे. जाताना खांद्यावरची किरमिजी पिशवी जवळजवळ सपाट. येताना जड, आणि ज्या माणसाने जन्मभर भिंती सरळ ठेवल्या तो स्वतः डावीकडे झुकलेला. पाणी. वरूनच कुठून तरी पाणी नेत होते. मला बोलता येत नाही, हे किती जणांचे नशीब.

मावशीलाही ते खटकले होतेच.

"काका, पिशवीत काय?"

"पिशवीच आहे."

"आणि पिशवीत?"

"गुडघेदुखी. रोज थोडी खाली आणून टाकतो."

"बाकीचे वर जाऊन मन हलकं करून येतात. तुम्ही जड होऊन येता."

"ज्याचं त्याचं चिंतन," काका म्हणाले आणि वाकडे वाकडे निघून गेले.

पाणी सातव्या खाचेला आले तेव्हा अध्यक्ष आले. सोबत समितीचे दोन सभासद, माना डोलावण्यात तरबेज.

"मावशी," अध्यक्ष म्हणाले, "कुंडातून पाणी जातंय."

"जातंय खरं, साहेब."

"कुलूप शाबूत आहे. किल्ल्या दोनच. माझी तर ड्रॉवरमधून हललेली नाही." एवढे बोलून ते थांबले आणि बाकीचे सभासदांच्या मानांनी पूर्ण केले.

मावशीने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मी पाणी चोरून ठेवू कुठे? खोलीत एकच बादली आहे, तिलाही भोक."

"आम्ही आरोप करत नाही. समिती नवी व्यवस्था करतेय. पुढच्या एक तारखेला किल्ली द्यायची आणि खोली मोकळी करायची. सामान न्यायला दुकानाची गाडी पाठवतो, त्याची काळजी नको."

ते गेल्यावर मावशीने मला लावले आणि तीनदा ओढून पाहिले. मग खिडकीशी बसून ती खोलीकडे बघत राहिली. काय काय न्यायचे याची यादी करावी तसे नाही. आपण इथे होतो ना, याची खात्री करावी तसे. खरे सांगते, मीही तिच्यावर संशय घेतला होता. ज्याच्या हातात किल्ली, त्याच्यावर पहिला संशय, हा आमच्या धंद्याचा पाठच आहे. त्या संध्याकाळी मला तो पाठ थोडा गंजल्यासारखा वाटला.

एक तारखेला चार दिवस उरले असताना काकांच्या पिशवीचा बंद तुटला. नेमका फाटकासमोर, माझ्या पायाशी. पिशवीतून पाणी सांडले नाही. एक फरशी पडली. खाली गिलाव्याचा थर, वर काकांची छिन्नी आणि हातोडी.

मावशी बाहेर आली. फरशीकडे पाहिले. मग काकांकडे.

"ही गुडघेदुखी का?"

काका तिथेच दगडावर बसले. "ब्याण्णवावी," म्हणाले. "दिवसाला एक. कडेने सुरुवात केली, बाकांखालून. घाई केली तर दिसेल."

"कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"तिथे येणारे डोळे मिटून बसतात."

"पण तुमच्याच हातची ती."

"म्हणून तर. दुसऱ्याचं काम मी मोडत नाही." काका छिन्नीची धार अंगठ्याने बघत राहिले. "पहिल्याच पावसात वर गेलो होतो, काम कसं दिसतंय बघायला. सगळं पाणी पन्हळीतून धावत रस्त्यावर. एक थेंब आत गेला नाही. इतका सुरेख उतार मी जन्मात दिला नव्हता. आणि एकदम तुझी सासू आठवली. म्हातारी सरळ सांगत होती गं, पाणी कुठून आत जातं ते. आपण त्याला श्रद्धा म्हटलं, हात जोडले आणि मोकळे झालो."

"समितीला का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. त्यांनी माझा सत्कार केला. भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते पण वाकडं टांगलेलं आहे, मुद्दाम."

"आणि फरश्या काय करता नेऊन?"

"खुराड्यात बसवल्या. कोंबड्या घसरतात, पण ऐटीत चालतात."

मावशी हसली नाही. तिने फरशी उचलली. तिच्याकडे आता सगळे होते. फरशी, छिन्नी आणि माणूस. अध्यक्षांना निरोप धाडायचा अवकाश, खोली वाचली असती. मी मनात म्हटले, सांगेल. मी तिच्या जागी असते तर सांगितले असते.

तिने फरशी उलटी केली आणि मागच्या गिलाव्याकडे बघत राहिली. मग डोळ्यांजवळ नेली.

"काका, ही कोणती फरशी?"

"मधली. साहेबांनी बसवलेली. रोज डोळ्यांत खुपायची, आज काढलीच."

मावशीने फरशी त्यांच्यापुढे धरली. वाऱ्याने मी फिरले आणि मलाही दिसले. गिलाव्यात अर्धी रुतलेली, हिरवी पडलेली, पण दाते ओळखीचे. माझी दुसरी किल्ली. फोटोवाल्याकडे बघत वाकताना अध्यक्षांच्या खिशातून पडली असणार. ड्रॉवरमधून हललेली नव्हती, हे खरेच होते. ड्रॉवरपर्यंत गेलीच नव्हती.

एक तारखेला अध्यक्ष वेळेवर आले. दोन सभासद आणि दुकानाची गाडीही आली. मावशी फाटकात उभी होती. मागे खोलीचे दार उघडे, सामान जिथल्या तिथे.

"मावशी, किल्ली."

मावशीने कमरेची किल्ली काढून दगडावर ठेवली. "ही माझी. साहेब, तुमचीही ठेवा. दोन्ही एकदम जमा होऊ देत."

"माझी ड्रॉवरमध्ये आहे."

"मग चला घरी. जाऊबाईंनाही भेटून होईल. मीच उघडते ड्रॉवर, घरचीच आहे मी."

अध्यक्षांनी खिसे चाचपले. जी वस्तू ड्रॉवरमध्ये आहे ती माणूस खिशात का शोधतो, असा प्रश्न सभासदांना पडला असावा, कारण त्यांच्या माना पहिल्यांदाच स्थिर होत्या. तेव्हा मला कळले. हा माणूस खोटे बोलत होता, पण चोर नव्हता. आपली हरवलेली किल्ली वहिनीला सापडली आणि तिनेच पाणी पळवले, असा त्याला इतकी वर्षे संशय होता. माझ्यासारखाच होता बिचारा, फक्त खुर्चीवर बसलेला.

मावशीने पदराआडून फरशी काढली आणि किल्लीच्या शेजारी उलटी ठेवली.

अध्यक्षांनी वाकून रुतलेल्या किल्लीवरून बोट फिरवले. "ही फरशी कुठून आली?" त्यांनी हळूच विचारले.

"ते विचारू या. त्यात किल्ली कुठून आली, तेही विचारू या. सभेतच विचारू, सगळ्यांसमोर. आधी काय विचारायचं, ते तुम्ही ठरवा."

अध्यक्षांनी सभासदांना गाडीकडे पाठवले. मग म्हणाले, "वहिनी."

फाटकाशी उभे राहून. मी त्या फाटकावर आल्यापासून हा शब्द तिथे पहिल्यांदाच ऐकला.

"बोला, भावजी."

"काय हवंय?"

"मला खोली. आणि चौथऱ्यावर एक पाटी. 'दुरुस्तीसाठी बंद'."

"किती दिवस?"

"दुरुस्तीचं कधी सांगता येतं का?"

ते फटीकडे वळले. पाणी पुटपुटत होते. "म्हातारी मलाही सांगायची," ते म्हणाले. "मी लहान असताना. बूट काढ म्हणायची." आणि गाडी रिकामी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मावशीने मला फाटकावरून काढले. वर जाणाऱ्या पायवाटेवर काकांनी दोन खांब रोवले, साखळी ओढली आणि मला त्या साखळीत अडकवले. खालच्या फाटकाला आता नुसती कडी आहे. झऱ्याला राखणीची गरज कधी नव्हतीच. इतकी वर्षे मी भलत्याच दारावर, भलत्याच माणसांवर डोळे वटारत बसले होते आणि खऱ्या दाराला साखळीसुद्धा नव्हती.

मित्रांनो, दुरुस्तीसाठी बंद केलेली गोष्ट पुन्हा उघडली का, हे बघायला आजवर कोणी गेलेले नाही. काकांनी आता दिवसाला चार फरश्या काढल्या, मावशी टोपली धरायची, दोघेही अनवाणी. शेवटी पन्हळही गेली. परात मोकळी झाली. पहिल्या वर्षी तिथे फक्त चिखल होता आणि काका एक डोळा मिटून त्याच्याकडे समाधानाने बघायचे. "कुठेच सपाट नाही," म्हणायचे. दुसऱ्या वर्षी गवत आले.

पाणी चौदाव्या खाचेपर्यंत चढले. एकोणीस नाही. मावशी म्हणते, एवढ्यात नाही होणार, डोंगर अजून रुसलेला आहे. समितीने खाली आणखी एक काळा दगड बसवला. त्यावर लिहिले आहे की पाणी परत आले ते अध्यक्षांच्या दूरदृष्टीमुळे आणि कडक कुलूप-व्यवस्थेमुळे. माझी ही शेवटची स्तुती. त्यानंतर माझ्याकडे कोणी पाहिले नाही, कारण मला उघडायचे कारणच उरले नाही. कडीवर गंज आहे. गवत पोटापर्यंत आले आहे. एक गोगलगाय रोज माझ्या भोकाशी येऊन थांबते. तिचा हेतू मला अजून कळलेला नाही.

पण इथून मला कुरण दिसते. पाऊस येतो आणि माझ्या डोळ्यांदेखत जमिनीत जातो. पावती नाही, साक्षीदार नाही, कुठे नेतात ते सांगत नाहीत. आयुष्यभर चोरीवर डोळा ठेवणाऱ्या मला हे उघड उघड दिसते आणि तरी मी गप्प बसते. जमीन पिताना एक बारीक आवाज करते, वाळूवर पाऊल घासल्यासारखा. तो ऐकला की मला आत काहीतरी हलल्यासारखे वाटते. या वेळी खटका तपासला. घट्ट होता, गंजाने. मग हलले काय, याचा तपास चालू आहे.

निसर्गाची काळजी घ्या, असे मी तुम्हाला सांगणार नाही. ते दगडावर कोरलेले आहे आणि दगडावर कोरल्याने काय होते, ते तुम्ही ऐकलेच. माझे मागणे लहान आहे. कधी वर आलात तर बूट खाली काढा, साखळीपाशी थांबा आणि माझ्या भोकात दोन थेंब तेल सोडा. मशीनचे, डोक्याचे नको. आणि सोडण्याआधी बाटली मला एकदा दाखवा.